साहेबाची कॅसेट, मॅडमची कॅसेट

सेल उन्हात ठेवले की त्यांच्यात पुन्हा थोडा जीव येतो, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. पण कापड्याला, आमच्या गावी, अंगणात एका सुपात आंबोशी, एका सुपात मिरच्या आणि तिसऱ्यात टेपरेकॉर्डरचे जाडे सेल असे शेजारी शेजारी पडलेले असायचे. आय आतून विचारायची, "शालू, सेल वाळलं का गो?" वाळलं, हाच शब्द. मी जाऊन बोट लावून बघायचे. चटका बसला की झालं. मग ते फडक्यात गुंडाळून आत आणायचे, गरम आहेत तोवर टेपात घालायचे आणि थंड व्हायच्या आत ऐकून घ्यायचं. आम्हाला ऐकायची अशी घाई, आणि जे ऐकायचो त्याला मात्र कसलीच घाई नसायची. आज गुडघे धरून बसले असताना हे लिहायला घेतलं ते त्या ऐकण्यासाठीच. बाकी त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण कापसातून हात फिरवावा तसं.

टेप माझ्या थोरल्या भावाने, मिलिंददादाने पाठवला होता. दादा आखातात एका गोऱ्या इंजिनियरच्या घरी ड्रायव्हर होता. गाडी चालवायला तो शिकला पोलादपूरच्या भातगिरणीच्या ट्रकवर. आमचा बा त्या गिरणीत कामाला होता आणि महाडचे एक चाचा तिथला ट्रक चालवायचे. त्यांचा मुलगा रशीद आणि दादा एकाच ट्रकवर, एकाच चाचांच्या शिव्या खात शिकले. रशीद आधी आखातात गेला आणि मग त्याने दादाला बोलावून घेतलं. दादाची एक सवय इथंच सांगून ठेवते. आमच्याकडे घरात बायामाणसं असली की पुरुषाने पडवीत पाय ठेवताना खाकरायचं, म्हणजे आतलीला पदर सावरायला वेळ मिळतो. दादा मिसरूड फुटायच्या आधीपासून म्हाताऱ्यासारखा खाकरून यायचा. दोनदा, एक बारीक आणि एक मोठं. घरात फक्त आय आणि मी असलो तरी. आय म्हणायची, "आलं बघ मामलेदार." आणि हंड्यातून तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवायची, पाय धुवायला. रोजचंच ते, कुणी लक्ष देऊन बघितलं नाही.

आता कॅसेटचं. आखातात माणूस असलेल्या घरांत तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट चालायची. आयला वाचता येत नव्हतं, आणि गिरणीच्या घरघरीत बाच्या कानांचं पार वाटोळं झालं होतं, त्यामुळे मोठ्याने लावता येईल अशी वस्तू बरी. दादा तिकडे बोलून कॅसेट भरायचा, येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायचा. महाडला रशीदच्या घरून ती एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली जायची आणि कापड्याच्या फाट्यावर उतरायची. आम्ही ऐकायचो, वाडी ऐकायची, मग कॅसेट मागे फिरवून आम्ही तिच्यावरच आमचं बोलणं भरायचो आणि त्याला पाठवून द्यायचो. तोही ऐकून तिच्यावरच पुन्हा बोलायचा. एकच कॅसेट जायची, यायची. त्याच्या आवाजावर आमचा, आमच्या आवाजावर त्याचा. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. जेवण झालं की ताट धुतात. ताटात भात का ठेवला नाही म्हणून कुणी विचारतं का?

त्याचा शेवटचा निरोप आला तेव्हा बरोबर आणखी दोन कॅसेट होत्या. निरोपात आधी नेहमीचं झालं, बाला गिरणीत कानात कापूस घालायला सांग, बकरी व्याली का, आणि मग म्हणाला, "शालू, तू जरा पुढं ये. तुझ्याकडं काम हाय. इकडं साहेब नि मॅडम भांडतात. वाद्यांची एक चीज हाय, चार माणसं मिळून वाजवतात. दोन फिडल, एक फिडलपेक्षा थोडं मोठं, नि एक एवढं मोठं की खुर्चीत बसून गुडघ्यात धरायचं. पेटी नाय, तबला नाय, गाणारा नाय. तीच चीज एका चौघांनी वाजवलीय ती साहेबाला आवडते, नि दुसऱ्या चौघांनी वाजवलीय ती मॅडमला. रोज जेवताना वाद. मला विचारलं, तू सांग. मी बोललो, मला काय कळतंय, माझी बहीण विहारात गाणी बोलते, ती सांगंल. तर नीट ऐक नि सांग, चांगली कुठली. दोघंबी थांबलेत."

एका कॅसेटवर त्याने बॉलपेनने 'साहेब' लिहिलं होतं, एकीवर 'मॅडम'. साहेबाची दुकानातली, वर चकचकीत कागद. मॅडमची दादाने स्वतः भरलेली. मॅडमकडे तबकडी होती, तिच्यासमोर टेप ठेवून त्याने ती उतरवून घेतली होती. आम्ही दोन्ही लावून बघितल्या आणि हसून लोळलो. आय म्हणाली, "ह्या चौघांत गाणारा मेला की काय, कोणच कसं तोंड उघडत नाय." बाने टेपवर हात ठेवला आणि म्हणाला, "हलतंय मात्र जोरात." मग आम्ही त्या निरोपावर आमचा जबाब भरला. बकरी व्याली, दोन करडं झाली. मी म्हटलं, दादा, दोन्ही सारख्याच, मांजरं भांडतात तशी, साहेबाला सांग तूप लावून भाकरी खा म्हणजे भांडण मिटेल. आणि शेवटी आय टेपच्या अगदी तोंडाशी वाकून म्हणाली, "वेळेवर जेव. शिळं खाऊ नको." दरवेळी ती एवढंच म्हणायची. कॅसेट गेली. त्याला मिळाली आणि तो साहेबाच्या स्वयंपाकघरात बसून पोट धरून हसला, हे नंतर रशीदने सांगितलं.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण लांबण लावण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. वाळवंटातल्या रस्त्यावर गाडी उलटली. साहेब गाडीत नव्हता, दादा एकटाच होता. जे करायचं ते तिकडेच झालं. आमच्याकडे फक्त बातमी आली. वाडी जमली, वंदना झाली, बायका आयला धरून रडल्या, आणि आय त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू मेलेला त्यांच्या घरचा होता. ती रडली नाही. बा रडला नाही. मी रडले की नाही ते मला आठवत नाही, खरंच नाही. आठवतं ते असं की सुकट भाजलेली असायची आणि वास यायचा नाही. चूल पेटायची, भात शिजायचा, आम्ही तो खायचो. भात कापून झाला, झोडून झाला. बा गिरणीत जायचा. कुणी आमच्या घरावर बाहेरून कान लावला असता तर आत सगळं ठीक चाललंय असंच म्हणाला असता.

मग रशीद सुटीवर आला आणि दादाची ट्रंक घेऊन आला. महाडपासून ती आपल्या मांडीवर ठेवून एसटीत बसला होता, टपावर टाकू दिली नाही. पडवीत बसला, चहा घेतला नाही, वर बघितलं नाही. त्यानेच दादाला तिकडे बोलावलं होतं. ते कुणी बोललं नाही आणि तो तेच ऐकत बसल्यासारखा बसला होता. ट्रंकेत कपडे होते, आयसाठी घेतलेलं लुगडं होतं, आणि ती जाणारी-येणारी कॅसेट होती. बाने ती उचलून माझ्या हातात दिली. सेल वाळलेले नव्हते तरी मी घातले. आम्ही सगळे जवळ सरकलो. टेप चालू झाला आणि आतून बकरी ओरडली. मग टेपातली मी हसले. मग माझंच बोलणं, मांजरं, तूप, भाकरी. त्याने आमच्या बोलण्यावर अजून काही भरलं नव्हतं. आम्ही आमचंच ऐकत होतो. बाला ऐकू येत नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "काय बोलतो?" मग माझा दंड हलवून, "शालू, काय बोलतो तो?" आयने हात पुढे करून बटण दाबलं, पण नेमकं उलटं दाबलं, फीत आत गुंडाळली गेली आणि ती कात्रीने कापूनच काढावी लागली. रशीद उठून फाट्याकडे चालत निघून गेला.

त्यानंतर मी त्या दोन कॅसेट ऐकायला लागले. का, ते विचारू नका. काम सांगितलेलं होतं, ते करायचं राहिलं होतं, एवढंच. भात घरात आला होता, दुपारी हात रिकामे असायचे. सेल वाळले की मी बसायचे. आय शेजारी वाल सोलत किंवा गोधडीला टाके घालत बसायची, हो नाही काही म्हणायची नाही. पहिल्यांदा मला ठाम कळलं की मॅडमची संथ आहे, खोल आहे, रडवी आहे, आणि साहेबाची तडतडी. मॅडमच्या माणसांना काहीतरी दुःख आहे, साहेबाच्यांना नाही, असं मी मनात ठरवूनही टाकलं. तसं बरेच दिवस चाललं. मग एकदा मी सहज मॅडमची आधी लावली आणि साहेबाची मागून, तर त्या दिवशी साहेबाचेच चौघे रडायला लागले. तेव्हा उजेड पडला. मी रोज साहेबाची आधी लावायचे, मॅडमची वेळ येईतो सेल थंड व्हायचे आणि टेप रेंगाळायचा. दुःख सेलांचं होतं. त्या दिवशी मी खूप दिवसांनी हसले, आणि हसताना असं वाटलं की कुणीतरी शेजारच्या घरात हसतंय.

मग मी शिस्तीने ऐकायला लागले. एका दुपारी एकच कॅसेट, गरम सेलांवर. दुसऱ्या दुपारी दुसरी. तेव्हा खरा फरक कळू लागला. कुणी शिकवलेलं नाही, शाळा सातवीत सुटली, पुढे जे वाचलं ते पोलादपूरच्या वाचनालयातून आणलेलं. त्यामुळे माझ्या शब्दांत सांगते. चार भाग होते. पहिल्यात चौघं बोलायला बसतात. पहिली फिडल घरातल्या थोरल्या सुनेसारखी, सगळं तिलाच सांगायचं असतं. दुसरी तिच्या मागे हो ला हो करते. तिसरं ते थोडं मोठं वाद्य आतल्या खोलीतून बोलल्यासारखं. आणि ते गुडघ्यातलं म्हणजे आमचा बा, थोडंच बोलणार पण जमीन हलणार. साहेबाच्या कॅसेटमध्ये चौघं एका दमात सुरू व्हायची, एका दमात थांबायची, चार विळे एकदम पडावेत तशी. खरखर नाही, काही नाही. मॅडमच्या चौघांत ते तिसरं नेहमी जरासं मागे राहायचं. बाकीचे तीन वळण घेऊन पुढे गेले तरी हे मागच्या वळणावर काहीतरी विसरल्यासारखं रेंगाळायचं आणि मग धावत येऊन गाठायचं. त्यातून ती कॅसेट मळकीही होती. समोर टेप ठेवून भरलेली, तेव्हा त्या घरातलं सगळं तिच्यात शिरलं होतं. दार वाजतं, भांडं ठेवतात, कुणी खाकरतं. मी ते सगळं पाखडून बाजूला काढायला शिकले होते. तांदळातले खडे काढतो तसे कान खडे काढायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. मॅडमची कॅसेट लागली की दुसरा भाग, तो संथ भाग, संपता संपता आय हातातलं खाली ठेवायची आणि उठायची. हंड्यातून तांब्या भरायची, उंबऱ्याशी नेऊन ठेवायची, पुन्हा येऊन बसायची. साहेबाच्या कॅसेटला नाही. मला वाटलं, बघ, आयलाही कळतं, ह्या चौघांच्या वाजवण्यात तहान लागावी असं काहीतरी आहे. मी कान देऊन तो संथ भाग पुन्हा पुन्हा ऐकला. ते तिसरं वाद्य तिथं फारच मागे राहतं, हे खरं. तेच असेल, असं मी धरून चालले. पण मनातून माझा कौल साहेबाच्या बाजूला झुकत होता. स्वच्छ ते स्वच्छ. कौल द्यायला समोर कुणी नव्हतं ते सोडा.

अशात एका सकाळी रशीदची आई, हलीमाचाची, महाडहून आली. कधी न येणारी बाई, एसटीत ओकून आली होती. बरोबर फडक्यात नारळाच्या वड्या. आयने तिला पाणी दिलं, दोघी भिंतीला टेकून बसल्या. चाची म्हणाली, "मिलिंदची आय, मी मागायला आलेय. लाज सोडून आलेय. रशीद गेला तिकडं तेव्हापासनं त्याची कॅसेट नाय, निरोप नाय. गावचे लोक सांगतात, जेवत नाय, खोलीत कोणाशी बोलत नाय. मी आई, माझं ऐकून काय होणार? तो माझ्यासाठी नाय जळत. तुमचा एक शब्द गेला तर."

आयने वालाची टोपली बाजूला सरकवली.

"उद्या सकाळी आमच्या मोहल्ल्यातला पोरगा तिकडं जायला निघतो," चाची म्हणाली. "बाजारात आज कॅसेट नाय मिळाली, दोन दुकानं फिरले. तुमच्याकडं एखादी असंल. भरून द्या. मी हाताने त्याला देते."

तेव्हा मी समोर दोन्ही कॅसेट घेऊन उभी होते. त्यांतली एक जाणार हे मला लगेच कळलं, आणि दोन्ही मी छातीशी धरल्या. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच मला काही सोडवेना. दादाने सांगितलेलं काम दोन कॅसेटचं होतं. एक पुसली की काम कायमचं संपणार, मग माझ्याजवळ करायला काय उरणार? पण चाची बसली होती, आणि तिचा पोरगा जेवत नव्हता. मी ठरवलं, द्यायची तर मॅडमची. घरी भरलेली, मळकी, आणि तिच्यावर पुन्हा भरायला काही खटपटही नाही. दुकानातल्या कॅसेटला पाठीला खाच असते, तीत कागद कोंबल्याशिवाय तिच्यावर भरता येत नाही. मी मॅडमची टेपात घातली आणि मागे फिरवायला बटणावर बोट ठेवलं.

"ती नको," आय म्हणाली.

मी म्हटलं, "आये, ही घरातलीच हाय. ती दुसरी चांगली वाजवलीय, स्वच्छ हाय. मी सगळ्या दुपारी ऐकल्यात."

"असंल चांगली," आय म्हणाली. "तिच्यात कोण येत नाय."

मला कळलं नाही. चाचीलाही कळलं नाही. आय उठली, टेपाजवळ बसली आणि मला म्हणाली, "दुसरा भाग लाव. शेवटाला." मी फीत पुढे नेऊन लावली. ते संथ वाजवणं चाललं होतं, तिसरं नेहमीसारखं मागे राहिलं, धावत आलं, चौघं हळूहळू बारीक होत थांबली. मधे खरखर. आणि त्या खरखरीत कुणीतरी खाकरलं. एक बारीक, एक मोठं. मग तिसरा भाग सुरू झाला.

किती दुपारी मी ते ऐकलं होतं. खडा म्हणून बाजूला काढलं होतं. मॅडमच्या खोलीत, तबकडीसमोर टेप धरून, दादा दारात उभा राहिला असेल, किंवा बसला असेल, कुणास ठाऊक. आमच्या दारात यायचा तसाच तिथं आला होता. चाचीने पदर तोंडाला लावला. बा गिरणीतून आलेला नव्हता, ते एक बरं की वाईट, मी अजून ठरवलेलं नाही. आय रडली का, तर नाही. ती म्हणाली, "साहेबाची घे. कागद कोंब खाचंत."

मी चुलीजवळच्या रद्दीतून कागद फाडला, चुरगळला आणि साहेबाच्या कॅसेटच्या खाचेत कोंबला. लाल बटण दाबलं. आत चार विळे एकदम पडत होते, ते एकेक करून पुसले जात होते, ऐकू येत नव्हतं पण मला ते दिसत होतं. चाचीने आधी बोलायचा प्रयत्न केला, "रशीद, बेटा," एवढंच झालं. मग आय वाकली, टेपच्या तोंडाशी आली, नेहमीसारखी. आधी पदराने टेपची जाळी पुसली.

"रशीद," आय म्हणाली. "मी मिलिंदची आय. वेळेवर जेव. शिळं खाऊ नको." आणि थोडं थांबून, "सुटीला आलास की इकडं ये. चहा न घेता जाऊ नको."

मी बटण सोडलं. चाचीने कॅसेट फडक्यात वड्यांच्या जागी बांधली, आयचा हात दोन्ही हातांत घेतला आणि फाट्यावर गेली. आय वाल सोलायला बसली. मी अंगणात जाऊन सेल पुन्हा सुपात मांडले. रशीद पुढच्या सुटीला आला, पडवीत बसला, चहा घेतला. बा त्याच्याशी गिरणीच्या ट्रकबद्दल बोलला, सगळं ओरडून. घर हळूहळू जागेवर आलं म्हणतात तसं आलं. माझ्यापुरतं सांगायचं तर ते कापसासारखं काहीतरी पुढे कितीतरी वर्षं अंगावर राहिलं. लग्न झालं, मुलं झाली, त्यातून मी सगळं केलं.

मॅडमची कॅसेट आय होती तोवर होती. नंतर आमच्याकडच्या दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी आली, ती पुसली तर फीतच निघून आली. ठेवली आहे, वाजत नाही.

हे सगळं नातीला सांगत होते गेल्या आठवड्यात. ती महाडला कॉलेजात जाते. म्हणाली, आजी, गुणगुण ना जरा ते. मी पहिल्या फिडलचं सुरुवातीचं गुणगुणले, दात नसल्याने शिट्टीच जास्त झाली. तिने फोन माझ्या तोंडाशी धरला, काय केलं तिलाच ठाऊक, आणि फोनने ती चीज शोधून काढली. एक नाही, पन्नास चौघांनी वाजवलेली. आम्ही एकेक लावत गेलो. मी म्हणत गेले, ही नव्हे, ही घाईची, ही फार गोड. साहेबाचे चौघे सापडले, ते मी दोन सुरांत ओळखले. आणि मग मॅडमचेही सापडले. तेच तिसरं वाद्य, तसंच मागे राहणारं. पण आता स्वच्छ, धुतलेलं, एक खडा नाही. आम्ही दुसऱ्या भागापर्यंत गेलो. चौघं बारीक होत थांबली. मी कान फोनजवळ नेला. तिथं काहीच नव्हतं, अगदी कोरी शांतता, आणि मग चौघंही सरळ पुढे गेली.

"मग कुठली चांगली गं आजी?" नातीने विचारलं.

मी म्हटलं, "वाजवतात दोघंही चांगलं. तू ऊठ, उंबऱ्याशी मी मघाशी तांब्या ठेवलाय तो आत घे. कुणाचा पाय लागेल."